रॅम महागली, भीती वाढली: पहिला पीसी स्वतः जोडावा का?

३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा ब्रँड ती बंद करतेय. पहिला पीसी जोडणाऱ्यांच्या यादीत हे नाव हमखास असायचं. कंपनीने कारणही सरळ सांगितलं: एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी इतकी लागतेय की माल तिकडे वळवायचाय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. तिघींचंही लक्ष डेटा सेंटरकडे वळलं आणि २०२५ संपता संपता दुकानातल्या डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटीच्याही पुढे गेल्या.

याचा परिणाम मला माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतो. मी मूळचा भातकुलीचा. गावाकडची पोरं पीसी घेण्याआधी मला विचारतात. आधी प्रश्न असायचा, "दादा, कोणतं ग्राफिक कार्ड घेऊ?" आता असतो, "दादा, जोडताना पीन वाकली तं?"

ही भीती समजण्यासारखी आहे. समजा पीसी ६०,००० रुपयांचा आहे. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे हा पीसी सव्वा अकरा क्विंटल सोयाबीनचा झाला, तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. एवढे पैसे घरून मागून आणल्यावर हात थरथरणारच. पण माझं म्हणणं असं की ही भीती बऱ्याचदा चुकीच्या जागी लागते. जिथे काहीच बिघडत नाही तिथे पोरं घाबरतात आणि जिथे खरंच पैसे बुडतात तिकडे बघतही नाहीत.

स्क्रीन आली नाही म्हणजे पीसी जळाला असं नाही

पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, पण मॉनिटर काळाच. इथे सगळ्यांचा जीव जातो. पण याची नेहमीची कारणं बघा:

- प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल लावायची राहिली.
- रॅम पूर्ण बसली नाही. ती दाबताना 'खट्' आवाज यायला हवा.
- मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर तिथून चित्र येणारच नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ग्राफिक्स नसतं.
- डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची जुळवणी करतो. याला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. घाबरून पॉवर बंद करू नका, चहा घेऊन या.

यातल्या कशानेच पार्ट मरत नाही. केबल काढा, नीट लावा, पुन्हा सुरू करा. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसतच नाही, कारण मधली खाच वेगळ्या जागी असते. पुढच्या बटणाची वायर उलटी लागली तरी पीसी सुरू होतो, फार तर छोटा दिवा लागत नाही. पीसीचे बरेचसे पार्ट चुकीचे बसूच नयेत अशा बेताने बनवलेले असतात.

या चार जागी मात्र जपून

*सॉकेटच्या पिना.* इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ आणलं तेव्हा पिना प्रोसेसरवरून मदरबोर्डवर गेल्या. एएमडीने हेच २०२२ मध्ये एएम५ मध्ये केलं. तिथे १,७१८ बारीक पिना आहेत. प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून वरून अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. लिव्हर लावताना थोडा जोर लागतो आणि आवाज येतो, ते बरोबर आहे. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. जुन्या एएम४ मध्ये पिना प्रोसेसरवर आहेत. तिथे कूलर काढताना आधी हलकेच फिरवून सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसरही सोबत उपटून येतो.

*एसएमपीएसच्या केबल.* मॉड्युलर एसएमपीएसमध्ये केबल सुट्या मिळतात. पार्टकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं. मित्राची जुनी केबल बसली म्हणून लावली, तर एसएसडी किंवा बोर्ड एका क्षणात जाऊ शकतो.

*स्टँडऑफ.* मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये. खालच्या पितळी खुंट्या बोर्डाच्या छिद्रांखालीच हव्यात. एखादी जास्तीची खुंटी भलत्या जागी राहिली तर शॉर्ट होऊ शकतं.

*बायोस अपडेट.* हे चालू असताना लाइट गेली तर बोर्ड अडकू शकतो. गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएस नसेल तर हे काम दुकानातूनच करून घ्या. नवा प्रोसेसर आणि जुन्या स्टॉकमधला बोर्ड घेत असाल तर हे आधीच विचारा.

चूक नेहमी तुमच्याच हाताची नसते

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०९० आलं. काही जणांच्या कार्डाचा पॉवर कनेक्टर वितळला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने सांगितलं की साधारण ५० तक्रारी आल्यात आणि कनेक्टर पूर्ण न बसवणं हे त्यामागचं नेहमीचं कारण दिसतंय. म्हणजे ग्राहकाची चूक. पण ६०० वॅटपर्यंतची पॉवर नेणारा कनेक्टर अर्धवट बसूनही चालू राहत असेल, तर चूक एकट्या ग्राहकाची कशी? २०२३ मध्ये सुधारित कनेक्टर आला. त्यात पूर्ण बसलाय की नाही हे ओळखणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्डाला पॉवर मिळू नये. उपाय डिझाइनमध्येच करावा लागला.

दुसरं उदाहरण इंटेलचं. १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अचानक क्रॅश व्हायला लागले. लोक रॅम बदलत होते, विंडोज पुन्हा टाकत होते. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि कारण मायक्रोकोडमध्ये, म्हणजे कंपनीच्याच आतल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. मग अशा प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली गेली.

म्हणून पीसी बिघडला की लगेच स्वतःला दोष देऊ नका. आधी पुरावा बघा.

भातकुलीत खरी अडचण वेगळी आहे

पुण्यात पीसी सुरू झाला नाही तर रूममेटची रॅम लावून बघता येते. भातकुलीत दुसरी डीडीआर५ रॅम आणायची कुठून? पार्ट खराब होण्यापेक्षा नेमका कोणता पार्ट खराब आहे हे न कळणं इथे जास्त महागात पडतं. अमरावतीची चक्कर, नाहीतर कुरियर, आणि तोवर पैसे परत मागायची मुदत संपते.

त्यामुळे मी गावातल्या पोरांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, सगळं कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावून चालू करून बघा. दुसरी, बोर्ड घेताना त्यावर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे आहेत का बघा. अडचण कुठे आहे ते दिवाच दाखवतो. तिसरी, शक्यतो ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर घ्या, म्हणजे कार्डावर शंका आली तर ते काढूनही स्क्रीन येते.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण कित्येकदा तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पोरांना वाटतं जोडणी चुकली. खरं तर एसएमपीएसमधल्या फिल्टरचा थोडा करंट पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. पीसी येण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

बिल, व्हिडिओ आणि १९१५

वाकलेल्या पिना किंवा जळाल्याची खूण दिसली की कंपन्या सहसा वॉरंटी नाकारतात. म्हणून खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि प्रोसेसर ठेवण्याआधी रिकाम्या सॉकेटचा जवळून फोटो घ्या. पीन आधीच वाकलेली होती हे सांगायला तोच पुरावा. जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. थोडे पैसे वाचवायला बिल सोडू नका.

तरीही विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ऑनलाइन विक्रेता बेंगळुरूचा असला तरी तुम्ही अमरावतीत दाद मागू शकता. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

मग स्वतः जोडावा का? वरच्या चार जागा नीट समजल्या असतील आणि हाताशी एक मोकळी दुपार असेल, तर जरूर जोडा. पुढे रॅम वाढवायची किंवा पंखा बदलायचा झाला तर कोणाच्या दुकानात रांग लावावी लागणार नाही. फक्त प्रोसेसर बसवायचीच धास्ती असेल, तर प्रोसेसर, कूलर आणि रॅम दुकानातच तुमच्या डोळ्यांदेखत लावून घ्या, बोर्ड चालू करून बघा आणि बाकीचं घरी जोडा. त्यात कमीपणा काहीच नाही.