हळदी-कुंकू ल्यालेले बदक

मैत्रिणींनो, चैत्रातली हळदीकुंकवे आटोपली की मुलांच्या सुट्टीचा प्रश्न येतोच. एक संध्याकाळ गावच्या तळ्यासाठी राखून ठेवा. तिथे दिसला तर एक पक्षी मुलांना मुद्दाम दाखवा. त्याचे नावच मुळी हळदी-कुंकू बदक!

नाव कसे पडले ते चोच पाहताच कळते. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा रंग आणि बुडाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. हे कुंकू नर-मादी दोघांनाही असते बरं का! नराचे जरा ठसठशीत, इतकेच.

वर्गीकरण म्हटले की मुले पळतात. पण आपण स्वयंपाकघरात डबे लावतो, तेच हे काम. हंस, बदके यांचे कुल एक, ‘ॲनाटिडी’. त्यात ‘ॲनस’ ही प्रजाती, आणि तिच्यात आपले हे बदक. तळ्यावरचा काळा, पांढऱ्या कपाळाचा चांदवा मात्र बदक नव्हे, तो पाणकोंबडीच्या कुळातला. साबुदाणा पांढरा म्हणून आपण तो तांदळाच्या डब्यात ओततो का? तसेच हे!

चीन-जपानकडे अगदी असेच बदक आहे. त्याच्या चोचीला हळद आहे, कुंकू नाही. पूर्वी ते याचीच उपजाती मानत. पण हाँगकाँगकडे दोन्ही शेजारी वीण करतात, तरी आपसांत सहसा जोडी जमवत नाहीत, असे आढळले. म्हणून आता त्याची जात वेगळी धरतात.

हिवाळी पाहुणी बदके उन्हाळ्यात परत जातात, आपले हे इथेच नांदणारे. पावसाळ्याच्या सुमारास ते काठच्या दाट गवतात, जमिनीवरच घरटे करते. आठ-दहा अंडी मादी एकटी सुमारे २४ दिवस उबवते. म्हणूनच सांगते, महिला मंडळातर्फे तळ्याची सफाई कराल तेव्हा प्लास्टिक, निर्माल्य जरूर काढा. पण काठचे गवत सरसकट कापू नका. आपल्याला जो कचरा वाटतो, ते तिचे बाळंतघर असते. आणि दारावर कोणी रानबदकाची अंडी विकायला आणली, तर स्वस्त म्हणून घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

घरट्याजवळ न जाता, लांबूनच पाहा. कुंकू ओळखणारी नजर आपली आहेच!