दूरचा मांत्रिक, जवळचा सोबती

विषयाचें नांव वाचून आमच्या कांहीं गुरुजनांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. शाळेच्या वार्षिकांत वाचन, स्वच्छता, वेळेचें मोल अशा विषयांवरील निबंध शोभतात; संगणकावरील लढाईच्या खेळास तेथें जागा कशी मिळाली, असा प्रश्न ते विचारतील. परंतु आपल्यांतील कित्येक मुलें सुटीच्या दिवसांत ज्या खेळांत तासचे तास रमतात, त्याविषयीं वार्षिकानें मौन धरावें, आणि तेथें काय शिकावें व काय टाकावें हें तेथील शिवीगाळ करणारांवर सोपवावें, हें मला योग्य वाटत नाहीं. शिवाय २०२३ सालीं चीनमधील हांगझोऊ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या खेळासाठीं पदकें ठेवण्यांत आलीं व ज्यांत आपल्या देशाचा संघहि उतरला होता, तो खेळ केवळ पोरखेळ म्हणून टाकून देतां येणार नाहीं. त्या खेळाचें नांव ‘लीग ऑफ लेजंड्स’. त्यांतील एका लहानशा वादाविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण तो वाद वरवर पाहतां खेळाचा असला, तरी त्याचें मूळ माणसाच्या स्वभावांत आहे, अशी माझी समजूत झाली आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. अमेरिकेंतील रायट गेम्स या कंपनीनें तो २००९ सालीं प्रथम लोकांपुढें आणला. पांच पांच गड्यांचे दोन संघ असतात. चौकोनी रणभूमीच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत त्यांचे तळ, त्या तळांना जोडणाऱ्या तीन वाटा, आणि वाटांच्या मधून जंगल. या वाटांस खेळाडू ‘लेन’ म्हणतात. प्रतिपक्षाच्या तळांतील ‘नेक्सस’ जो संघ आधीं फोडील त्याचा जय. प्रत्येक वाटेनें ‘मिनियन’ नांवाचे लहान शिपाई थोड्या थोड्या वेळानें रांगेनें चालून येतात; त्यांच्यावर शेवटचा घाव जो घालील त्यास सोनें मिळतें, आणि त्या सोन्यानें शस्त्रें विकत घ्यावयाचीं. खालच्या वाटेवर दोन गडी जोडीनें असतात. पहिला नेमबाज, तो आरंभीं दुबळा असतो, परंतु सोनें जमत गेलें म्हणजे शेवटीं तोच संघाचा आधारस्तंभ होतो. दुसरा ‘सपोर्ट’, म्हणजे पाठीराखा. मिनियनांचें सोनें त्यानें बहुतेक नेमबाजासाठीं सोडावयाचें, त्याच्या जिवाची काळजी वाहावयाची, आणि अंधाऱ्या जागीं ‘वॉर्ड’ रोवून शत्रूच्या हालचालींवर नजर ठेवावयाची, असा या जागेचा धर्म आहे.

आतां वाद कोणता तो सांगतों. पाठीराख्याच्या जागीं परंपरेनें ढाल घेऊन पुढें उभे राहणारे लिओना किंवा ब्राउम, अथवा जखमा भरून काढणारी सोराका, असे वीर घेतात. परंतु पुष्कळ खेळाडूंना या जागीं लक्स, झेराथ, व्हेलकोझ असे दूरवर मंत्र फेंकणारे मांत्रिक घेऊन खेळणें आवडतें. हे मांत्रिक मूळचे मधल्या वाटेचे. असा मांत्रिक कोणी निवडला, कीं संघांतून लगेच ओरड होते : “हा कसला सपोर्ट? याला केवळ मारावयाची हौस!” उलट मांत्रिकाचे चाहते म्हणतात, “समोरच्यांना वाटेवर पायच ठेवूं दिला नाहीं, तर याहून मोठी पाठराखण ती कोणती?” माझ्या मतें दोन्ही पक्ष अर्धेंच खरें बोलतात. मांत्रिकानें पाठीराखा होण्यांत कोणताच दोष नाहीं. दोष आहे तो आपल्या दूरपणाचा आडोसा करण्यांत. ज्या अंतरामुळें मांत्रिक स्वतः सुरक्षित राहतो, तेंच अंतर त्यानें सोबत्याच्या कामीं लावलें तर तो पाठीराखा. न लावलें तर तो नेमबाजाच्या मागें उभा असलेला आणखी एक शिकारी, इतकेंच.

प्रथम मांत्रिकाची बाजू न्यायानें मांडूं. नेमबाजांत लांब पल्ल्याची म्हणून गणली जाणारी केटलिन आपल्या बंदुकीनें ६५० एककांपर्यंत मारा करते. झेराथाचा शेवटचा मोठा मंत्र ५००० एककांपर्यंत जातो. मधल्या लढाईंतहि मांत्रिकांचे मंत्र नेमबाजाच्या पल्ल्याच्या पुष्कळ पलीकडे पोंचतात. असा गडी मागें उभा असला म्हणजे समोरचे दोघे आपल्याच मिनियनांजवळ यावयास कचरतात, आणि आपल्या नेमबाजास मोकळेपणानें सोनें वेंचतां येतें. संघांतील इतर चौघे शस्त्रानें इजा करणारे असले, तर शत्रु केवळ चिलखतें विकत घेऊन निर्धास्त होतो. एक मांत्रिक असला कीं त्यास मंत्रापासूनहि बचाव शोधावा लागतो व त्याचें सोनें दोन ठिकाणीं वांटलें जातें. लक्सचा बंधनाचा मंत्र एका वेळीं दोघांना जागच्या जागीं खिळवूं शकतो. तिची छडी फेंकली म्हणजे जातांना एकदां व परततांना एकदां अशी दोनदां मित्रांभोवतीं ढाल उभी करते. २०२२ सालच्या मोठ्या सामन्यांत केटलिन व लक्स ही जोडी वारंवार दिसे, तें उगीच नव्हे : लक्सनें शत्रूस खिळवावें आणि केटलिननें त्याच्या पायांखालींच सापळा लावावा, अशी ती जुळणी होती. आणि झेराथाच्या स्तब्ध करणाऱ्या गोळ्याचा गुण तर मला फार अर्थपूर्ण वाटतो. तो जितका दूर जाऊन लागेल, तितका अधिक वेळ शत्रु जागीं थिजून राहतो. म्हणजे येथें दूरपणा ही उणीव नसून तीच मदतीची शक्ति आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. तेहि पोकळ नाहींत. मांत्रिकाचें शरीर नाजूक. झेराथास तर उडी मारून निसटण्याचा एकहि उपाय नाहीं, आणि आपला मोठा मंत्र चालवीत असतां तो पाऊलहि हलवूं शकत नाहीं. लिओनेसारखी ढालकरीण नेमबाजावर झेंपावली, तर मांत्रिक मध्यें पडून घाव झेलूं शकत नाहीं. त्याचे मंत्र रुंद असल्यामुळें शत्रूबरोबर मिनियनहि मरतात : सोबत्याचें सोनें वायां जातें, आणि आपली रांग नको तितकी पुढें सरकून नेमबाजास आपल्या बुरुजापासून दूर, उघड्यावर जावें लागतें. बळी घेणारास साधारणतः ३०० सोनें मिळतें, मदत करणारांस मिळून १५०; तेव्हां शेवटचा घाव मांत्रिकानेंच घातला, तर मोठा वांटा ज्यास गरज कमी त्याच्याकडे जातो. सर्वांत मोठा मोह वॉर्डाचा. शत्रूचे वॉर्ड उघडे पाडणारा ‘कंट्रोल वॉर्ड’ अवघ्या ७५ सोन्यांत मिळतो. परंतु तीन हजारांच्या घरांतील एखादें दिव्य आयुध ज्याच्या डोळ्यांपुढें नाचत असतें, त्यास तेवढे ७५ सुद्धां जड वाटूं लागतात.

हें मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी व माझा एक वर्गमित्र रोज सायंकाळीं जोडीनें खेळत असूं. तो नेमबाज, मी झेराथ. एके दिवशीं माझा नेम विलक्षण लागला. सामना आम्ही हरलों, परंतु शेवटच्या तक्त्यांत दहाहि गड्यांत अधिक इजा माझ्या नांवावर होती. मी ऐटींत म्हटलें, “पाहिलेंस? माझें काम मीं चोख केलें. तूंच सारखा मरत होतास.” तो क्षणभर कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “अरे, मी मरत होतों तेव्हां तूं कोठें होतास?” मीं म्हटलें, “तुझ्या मागेंच होतों कीं!” तो म्हणाला, “तेंच सांगतों. तूं माझ्या मागें होतास, माझ्याबरोबर नव्हतास.” दुसऱ्या दिवशीं तो खेळावयास आला नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं नाहीं.

झालेला सामना या खेळांत पुन्हां पाहतां येतो. मनांतून त्याचीच चूक शोधून काढावी, या हेतूनें मीं तो पाहावयास घेतला. त्याच्या प्रत्येक मरणापाशीं थांबून माझ्याकडे पाहिलें. नऊ वेळां तो मेला होता. त्यांतील सहा वेळां, शत्रु त्याच्यावर झेंपावण्यापूर्वीं दोनचार सेकंद, मीं तो स्तब्ध करणारा गोळा उगीच फेंकून दिला होता. कधीं तो समोरच्या मिनियनावरच आदळला होता, कधीं रिकाम्या जागीं गेला होता. ज्या क्षणीं माझी खरी गरज पडली त्या क्षणीं माझे हात रिकामे होते, आणि तरीहि माझा आंकडा वाढतच होता. मीं त्याच्या घरीं जाऊन, “माझें चुकलें,” असें सांगितलें. तो हंसला व म्हणाला, “चल, आज वॉर्ड तूं घे.” आमची मैत्री वांचली, परंतु एका आंकड्याच्या अभिमानानें मी ती किती सहज घालविणार होतों, याची आठवण अजून बोंचते.

तेव्हांपासून माझें मत असें बनलें आहे, कीं पाठीराख्या मांत्रिकाचा खरा मंत्र म्हणजे हातांत राखून ठेवलेला मंत्र. लक्सचें बंधन एकदां वापरलें, कीं आरंभीं तें परत यावयास दहा-अकरा सेकंद लागतात. अनुभवी शत्रु तेवढे सेकंद मोजतो आणि त्यांतच चाल करतो. म्हणून त्रास देण्यासाठीं इतर मंत्र खुशाल वापरावे, परंतु खिळविणारा मंत्र सोबत्यावर येणाऱ्या संकटासाठीं शिल्लक ठेवावा. उभें राहावयाचें तेंहि असें, कीं नेमबाजावर जो झेंप घेईल तो आपल्या माऱ्याच्या मधोमध पडावा. तळाकडे परतल्यावर कंट्रोल वॉर्ड आधीं, आयुध मागून. संघांत पुढें उभा राहणारा एकहि दणकट गडी नसेल, तर मांत्रिकाची हौस त्या दिवसापुरती आवरावी. त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे, कीं खोटी विनयशीलता हाहि दोषच आहे. शत्रु निसटत असेल व सोबत्याचा हात पोंचत नसेल, तर बळी निःसंकोच घ्यावा. सोबत्यासाठीं सोडला म्हणून निसटूं दिलेला शत्रु थोड्याच वेळांत परत येऊन त्या सोबत्यासच मारील.

निवडीबरोबर ओरड करणाऱ्या गड्यांसहि माझी एक विनंति आहे. कोणी मांत्रिक घेतला एवढ्यावरूनच त्यास स्वार्थी ठरवूं नका. ढाल घेऊन पळून जाणारेहि मीं पाहिले आहेत. आणि ज्यास पहिल्याच मिनिटाला आपण अपशब्द बोललों, त्यानें पुढील अर्धा तास आपल्यासाठीं जीव धोक्यांत घालावा, ही अपेक्षा तरी कोणत्या तोंडानें करावयाची? सामन्याच्या शेवटीं येणाऱ्या तक्त्यांत इजेचा आंकडा असतो, तसे वॉर्डांचे व टेहळणीचे गुणहि असतात. परंतु आपली नजर आधीं इजेच्या रकान्याकडे धांवते. आणि जो घाव सोबत्यावर पडूं शकला असता पण पाठीराख्याच्या भीतीनें पडलाच नाहीं, त्यास तर कोणताच रकाना नाहीं. जगांतील बरीचशी खरी मदत अशीच रकान्याबाहेरची असते. रात्रीं उशाशीं बसून राहिलेल्या आईचे गुण कोणत्या तक्त्यांत मांडले आहेत?

शास्त्रपाठाच्या तासाला आपण सर्वांनीं चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत ऐकला आहे. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्यास तिघांनीं पाहिलें. दोघे त्यास पाहूनहि पलीकडच्या कडेनें निघून गेले. तिसरा त्याच्याजवळ आला. पाहणें तिघांचें सारखेंच होतें. भेद पडला तो त्यानंतर काय केलें त्यांत. दूर उभा राहणारा प्रत्येक जण परका नसतो आणि जवळ उभा असणारा प्रत्येक जण सोबती नसतो, एवढें मी एका खेळापासून शिकलों.

गुरुजनांची एक शंका मात्र मला सर्वथैव मान्य आहे. हा खेळ वेळ खातो. एक सामना साधारण अर्धा तास चालतो, आणि मध्येंच उठून गेलें तर उरलेल्या चौघांचा घात होतो. म्हणून बसण्यापूर्वीं घड्याळ पाहावें, अभ्यास उरकलेला असावा, आणि एकदां बसलें कीं शेवटपर्यंत सोबत्यास सोडूं नये. असो. पुढील सुटींत माझ्या वाचकांपैकीं कोणी मांत्रिक घेऊन खालच्या वाटेवर उतरला, तर त्यानें इतकेंच करावें : पहिला मंत्र फेंकण्यापूर्वीं एकदां आपल्या शेजारीं कोण उभा आहे तें पाहावें.