मासा मेला म्हणजे इडापिडा गेली?



गृहप्रवेशाला फिश टँक भेट द्यायची टूम आता आपल्या समाजातही शिरली आहे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, वास्तू. आठ सोनेरी मासे, एक काळा, हॉलमध्ये अमुक दिशेला ठेवा. आणि टँकबरोबर एक वाक्यही घरात येतं: "मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं."

हे वाक्य जैन बाईच्या तोंडी शोभतं का? पाठशाळेत आपण लेकरांना शिकवतो की ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं, प्रत्यक्ष तीर्थंकरही दुसऱ्याचं कर्म काढून घेत नाहीत. मग दुकानातून पिशवीत आणलेला मासा तुमच्या नवऱ्याच्या धंद्यातली खोट कशी भरून काढणार? मासा पंचेंद्रिय जीव आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळणारी आपण, आणि पंचेंद्रिय जीव मेला की "बरं झालं, टळलं" म्हणायचं! नवसाच्या बोकडाला आपण नावं ठेवतो. इथं फक्त रक्त दिसत नाही, एवढाच फरक.

मासा मरतो कशानं, तेही समजून घ्या. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो. टँकमधल्या रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू वाढले की ते अमोनियाचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशाला विषारी, तिसरं बरंच सौम्य. पण ही जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार टँक आणि मासे एकाच दिवशी देतो. मग पहिल्या पंधरवड्यात मासे कल्ल्यांची आग होऊन मरतात. पाणी जितकं क्षारीय आणि जितकं गरम, तितका अमोनिया जास्त जहाल. आपलं बोअरचं जड पाणी आणि परभणीचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. त्यात लाइट गेली की पंप बंद, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. मासा गुदमरून वर येतो आणि घरात म्हणतात, ग्रह टळला.

आता शिकलेल्या सुनांचा युक्तिवाद वेगळा आहे. "काकू, आमचा टँक प्लास्टिकच्या झाडांचा नाही, खऱ्या झाडांचा आहे, अगदी निसर्गासारखा." जपानच्या ताकाशी अमानो यांनी ही कला जगभर नेली. लाकूड, दगड, शेवाळ, गवत यांची पाण्याखाली रचना, दिसायला खरंच देखणी. खरी झाडं अमोनिया आणि नायट्रेट शोषतात, उजेडात प्राणवायू देतात, माशाला लपायला आडोसा मिळतो, हे सगळं खरं. प्लास्टिकपेक्षा ते कधीही बरं. पण कैद्याची कोठडी हवेशीर केली म्हणून तो सुटला असं होत नाही.

शिवाय ही बाग राखायची तर दर आठवड्याला झाडं छाटा, पाणी बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँकमध्ये जवळजवळ ७० लिटर पाणी मावतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरलात का? विनाकारण पाणी सांडणं, वनस्पती तोडणं याला आपल्याकडं नाव आहे, प्रमादचर्या. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांतला एक. झाडांबरोबर गोगलगायींची अंडी येतात, मग त्यांना मारायचं औषध आणा. आणि माशांच्या खाण्याच्या डबीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. बहुतेक डब्यांत मुख्य घटक मासळीची भुकटी असते, नाहीतर वाळवलेल्या अळ्या. चातुर्मासात कांदा-लसूण न आणणाऱ्या घरात ती डबी फळीवर बसलेली असते!

आपल्या जिल्ह्यात दोन ठिकाणी आपण नेमिनाथांपुढं डोकं टेकतो, नवागडला आणि जिंतूरच्या नेमगिरीला. नेमिकुमारांनी लग्नाच्या वाटेवर कोंडलेली जनावरं पाहिली आणि रथ फिरवला, ही कथा आपण लेकींना सांगतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मोजताना पहिलाच बंध येतो, जिवाला बांधून-कोंडून ठेवणं. तो काचेतून दिसतो म्हणून बंध राहत नाही का?

हे वाचून कुणी टँक उचलून पूर्णेत रिकामा करायला निघेल, म्हणून आताच सांगते, तसं मुळीच करू नका. ती जीवदया नव्हे. आपल्या सासवा पाणी गाळल्यावर जिवाणी कुठं सोडायच्या? ज्या आडाचं पाणी, त्याच आडात. परक्या पाण्यात सोडली तर ते जीव मरतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गोल्डफिशचं मूळ घर चीनमध्ये, सकर माशाचं दक्षिण अमेरिकेत. सकर मासा तर असाच सुटून भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठला.

घरात टँक असेलच तर नवा मासा आणू नका, पण आहेत त्यांना नीट सांभाळा. गोल्डफिश चांगला राखला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, म्हणजे हे काम थोडक्यात उरकणारं नाही. जावा फर्न, अनुबियास अशी दगडाला बांधता येणारी झाडं लावा, बाकीची तो उपटून खातो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातो. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर जिवाणूंची वस्ती जाते. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. गोल्डफिशला शिजवलेला वाटाणा, पालक चालतो. फायटर मासा मात्र मांसाहारी, त्याला पालकावर ठेवणं म्हणजे अन्नपाननिरोध, तोही अतिचारच. म्हणून तो घरात आणूच नये.

आणि येत्या गृहप्रवेशाच्या पत्रिकेवर आपण "आहेर आणू नये" छापतोच, त्याच्याखाली आणखी एक ओळ छापा: "कृपया फिश टँकही आणू नये."