कॅरमवर बोलायलाही आपली मराठी हवी

एका लग्नात दस्तरख्वानावर माझ्या शेजारी बसलेल्या खालांनी हळूच विचारलं, "टीचर, तुम्ही म्हणे मोबाईलवर कॅरमबद्दल बोलता? आणि तेही मराठीत?"

या एका प्रश्नात दोन तक्रारी होत्या. कॅरम हा काय बोलायचा विषय आहे का, ही पहिली. बोलायचंच तर मराठीत कशाला, ही दुसरी. तिसरी त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला ऐकू आली : बाईमाणसाने कशाला? बिर्याणी थंड होत होती म्हणून तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता सविस्तर सांगते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. घर सोलापुरात, सात रस्त्याला. दर पंधरा दिवसांनी माझी भाची, माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी आणि मी मिळून कॅरमवर पंधरा-वीस मिनिटांचा पॉडकास्ट करतो. स्टुडिओ वगैरे काही नाही. सात रस्ते एकत्र येतात तिथे हॉर्नचा आवाज थांबतच नाही, म्हणून आतल्या खोलीत खिडकीवर दोन सोलापुरी चादरी टांगतो आणि टेबलावर फोन ठेवतो. "सलाम आणि नमस्कार" म्हणून सुरुवात करतो. पहिला भाग ४१ जणांनी ऐकला. त्यातले निम्मे नातेवाईक होते.

कॅरम मी अब्बांकडून शिकले. रविवारी दुपारी बोर्ड निघायचा, बोरिक पावडर पडायची आणि भाईजान, मी, चुलत भावंडं चारी बाजूंनी बसायचो. सहावी-सातवीत गेल्यावर भाऊ नाक्यावरच्या कॅरमला जाऊ लागले. माझा कॅरम घरातच राहिला. पण घरात असल्यामुळेच तो सुटला नाही. मैदानं सुटली तरी हा खेळ मुलींच्या हातात राहतो, हे मी माझ्या वर्गातल्या मुलींकडे पाहून आजही सांगू शकते.

आणि खेळ कानांनी ऐकायची सवय मला रेडिओने लावली. पुण्याचे बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे, त्यांचं नाव अब्बा फार आदराने घ्यायचे. आमच्या घरात उर्दू आणि दखनी बोलली जायची, पण चौकार, षटकार, यष्टिरक्षक, धावफलक हे शब्द मी पाठ्यपुस्तकाच्या आधी कानांनी शिकले. बी.एड.ला भाषा कशी शिकवायची यावर बरंच वाचलं. तरी माझा स्वतःचा अनुभव एवढाच आहे की, ज्या भाषेत आपण आनंदाने आरडाओरडा करतो ती भाषा आपली होते.

आता पहिली तक्रार : हा बोलायचा विषय आहे का?

जरा आठवून पाहा, मराठीत मुसलमानाचा आवाज केव्हा ऐकू येतो? काही वाद पेटला की आम्हाला बोलावतात. ईद आली की शीरखुर्म्याची कृती विचारतात. आणि आम्ही स्वतः बोलायला बसलो तरी बहुतेक वेळा खुलासा करतो, तक्रार मांडतो किंवा नसीहत करतो. हे सगळं गरजेचं आहे, मीही त्यावर लिहिते. पण माणूस एवढाच असतो का? बोर्डावर २९ पॉइंट होऊनही हरल्यासारखं तोंड करून बसणारी माझी भाची, "पॉइंट मिळाले पण शॉट घाण होता" म्हणते. ती त्या क्षणी कुठल्याही समाजाची प्रतिनिधी नसते. ती कॅरमची वेडी असते. हे वेड मराठीत ऐकू आलं पाहिजे, असं मला वाटतं. जो समाज फक्त दुःखाच्या वेळी बोलतो, त्याच्याकडे लोक दुःखाच्या नाहीतर रागाच्या चष्म्यातूनच बघतात.

शिवाय बोलायला यात भरपूर आहे. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक लाल राणी. राणी घेतली तरी ती तुमची होत नाही, लगेच तिच्यावर आपली एक सोंगटी घालून कव्हर करावं लागतं, नाहीतर राणी परत मधोमध. तिचे तीन गुण, पण २२ गुण झाले की तेही मिळत नाहीत. असं का केलं असेल, यावर आम्ही एक पूर्ण भाग बोललो. मारिया इरुदयम यांच्यावर एक भाग केला. चेन्नईचा हा माणूस १९९१ आणि १९९५ साली जगज्जेता झाला, १९९६चा अर्जुन पुरस्कार कॅरमला त्यांच्यामुळे मिळाला. बोर्ड न दाखवता शॉट समजावून सांगायचा, हे सर्वांत अवघड. "ती सोंगटी तिकडून अशी गेली" हे ऐकणाऱ्याला काय कळणार? मग मुलींनीच ठरवलं : आपल्या हाताचं भोक, समोरचं भोक, रेषेपासून किती बोटं. मराठीच्या तासाला वर्णनात्मक लेखन शिकवून जे साधलं नाही ते इथे साधलं.

दुसरी तक्रार मराठीची. उर्दू माझी रोजीरोटी आहे आणि प्रेमही. पण शेजारच्या गल्लीतल्या बारा वर्षांच्या मुलाला, बार्शीच्या आजोबांना आणि माझ्या भाचीला एकत्र बसवणारी भाषा मराठीच आहे. ती आम्ही पुस्तकी बोलत नाही. "हौले मार गं, नक्को जोर लावू" असं मधूनमधून येतंच. एका ऐकणाऱ्याने कळवलं, "तुमचा तो 'हौले' शब्द आता आम्ही घरात वापरतो." आमच्या मुलांचं मराठी 'अशुद्ध' म्हणून ज्या वर्गांमध्ये हसण्यावारी नेलं जातं, तिथे हे वाक्य भिंतीवर लावावंसं वाटतं.

तिसरी तक्रार सर्वांत जड. आमच्यातली सर्वांत चांगली खेळाडू मुलगी पहिल्या तीन भागांत बोललीच नाही. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. ते म्हणाले, "टीचर, मुलगी खेळते त्याला माझी हरकत नाही. पण तिचा आवाज चार लोकांत जाईल." मी म्हटलं, "भाईसाहेब, हजरत आयशा रजि. यांच्याकडून २२१० हदीस आल्या. सहाबी त्यांना येऊन विचारायचे, त्या उत्तर द्यायच्या." ते शांतपणे म्हणाले, "ते इल्म होतं, टीचर. हा कॅरम आहे."

मला लगेच उत्तर सुचलं नाही. चेन्नईच्या खजीमाचं उदाहरण दिलं. रिक्षाचालकाची मुलगी, २०२४ साली अमेरिकेत कॅरमच्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं. ते "माशाअल्लाह" म्हणाले, पण हो म्हणाले नाहीत. मीही जोर केला नाही. ती लिहून द्यायची आणि माझी भाची वाचायची. तिसऱ्या भागानंतर तेच म्हणाले, "तुमच्या भाचीने तो कट शॉट चुकीचा सांगितला. माझी मुलगी असं सांगत नाही. तिलाच बोलू द्या, फक्त नाव नको." चौथ्या भागापासून ती बोलते. नाव नाही, आवाज आहे. मला पूर्ण समाधान नाही. पण खेळावरचं बोलणं बरोबर असावं, हा आग्रह त्या बापालाही इल्मच वाटला असावा.

एक अट मात्र आम्ही पहिल्या दिवसापासून पाळतो. पैसे लावून खेळायच्या ॲपचं नाव घ्यायचं नाही, जाहिरात आली तरी नाही. सूरह माइदाच्या ९०व्या आयतीने जुगार मना केला आहे आणि २०२५ साली देशाच्या कायद्यानेही पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळाचं वेड आणि जुगाराचं व्यसन यातला फरक मुलांना सांगायचा तर आधी खेळावर बोलावं लागेल. "सगळंच हराम, सगळंच टाइमपास" म्हणून तोंड फिरवलं तर ती मुलं त्या ॲपवाल्यांचंच ऐकतील.

म्हणून खालांना माझं उत्तर हे : हो, कॅरमवर बोलते, मराठीत बोलते, आणि आपणही बोला. तुमच्या पिढीत अंगणात सागरगोटे खेळायच्या, ते हातावर कसे झेलायचे हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही. फोन मी घेऊन येते. चादरी तर तुमच्याकडे असतीलच.