लास व्हेगासला बास्केटबॉल संघ पेलवेल काय?

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीएच्या विस्ताराची चर्चा गेली अनेक वर्षे सुरू आहे. संघटनेचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लास व्हेगास येथे बोलताना, याबाबतचा निर्णय २०२६ मध्ये घेतला जाईल असे सांगितले आणि त्या संदर्भात सिॲटल व लास व्हेगास या दोन शहरांची नावे घेतली. सिॲटलचा दावा समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे ४१ हंगाम संघ होता, १९७९ चे विजेतेपद होते आणि २००८ मध्ये हा संघ ओक्लाहोमा सिटीला हलवला गेल्याचा राग अद्याप विझलेला नाही. लास व्हेगासची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या शहराकडे २०१७ पूर्वी प्रमुख व्यावसायिक लीगमधील एकही संघ नव्हता, त्या शहराला आणखी एक संघ पोसता येईल का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

शहराचा आकार आधी लक्षात घ्यावा लागेल. लास व्हेगास ज्यात मोडते त्या क्लार्क काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २२ लाख ६५ हजार होती. २०११ च्या आपल्या जनगणनेत नागपूर महानगराची लोकसंख्या २५ लाखांच्या घरात होती. म्हणजे नागपूरपेक्षाही थोडे लहानच. अमेरिकी दूरचित्रवाणी बाजारपेठांच्या क्रमवारीत हे शहर चाळिसाव्या स्थानाच्या आसपास घुटमळते. एवढ्या वस्तीच्या जोरावर आइस हॉकीचा गोल्डन नाइट्स, अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स आणि महिला बास्केटबॉलचा एसेस हे तीन संघ तेथे उभे आहेत. बेसबॉलचा ॲथलेटिक्स हा संघ २०२८ मध्ये दाखल व्हावयाचा आहे.

आता तिकिटांचा हिशेब मांडू. एनबीएच्या संघाचे साखळीतील घरचे सामने ४१. प्रत्येक सामन्याला १८ हजार आसने धरली तर हंगामात ७ लाख ३८ हजार तिकिटे खपवावी लागतील. हॉकीचेही घरचे सामने ४१ च आहेत आणि तेही त्याच हिवाळी महिन्यांत होतात. रेडर्सचे मैदान ६५ हजार प्रेक्षकांचे. तेथे वर्षाला आठ-नऊ सामने होतात. बेसबॉलचे घरचे सामने तब्बल ८१ आणि नियोजित मैदान ३३ हजारांचे, म्हणजे एकट्या त्या संघाची आसने २६ लाखांच्या वर जातात. चारही संघांची बेरीज ४६ लाखांपुढे जाते. तान्ह्या मुलांसह प्रत्येक रहिवाशाने वर्षाला दोन तिकिटे घेतली तरच ही आसने भरतील, आणि यात एसेसचे सामने धरलेलेच नाहीत. केवळ स्थानिकांच्या खिशावर हा डोलारा उभा राहू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

यावर व्हेगासवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे: पाहुणे. २०२४ मध्ये या शहराला सुमारे ४ कोटी १७ लाख लोकांनी भेट दिली. सरासरीने पाहिल्यास रोज १ लाख १४ हजार लोक शहरात उतरत होते. त्यांतील शंभरातील पाच जण जरी बास्केटबॉलकडे वळले तरी अरेनाचा मोठा भाग भरून निघेल. रेडर्सच्या बाबतीत नेमके हेच घडले. प्रतिस्पर्धी संघाचे समर्थक सुटी काढून व्हेगासला येतात, सामना पाहतात, दोन रात्री हॉटेलात काढतात आणि निघून जातात. मैदान भरते, मात्र अनेकदा घरच्या संघापेक्षा पाहुण्या संघाचा गजर मोठा असतो. तिकीट विकणाऱ्याच्या दृष्टीने यात तक्रारीचे कारण नाही. खेळाडूच्या दृष्टीने आहे.

फुटबॉलचा हा नमुना बास्केटबॉलला जसाच्या तसा लागू होत नाही, हा या चर्चेतील महत्त्वाचा मुद्दा आहे. फुटबॉलचा सामना बहुधा रविवारी होतो आणि तो सणासारखा असतो. बास्केटबॉलच्या ४१ सामन्यांत जानेवारीतील मंगळवारी रात्री तळाच्या संघाशी होणारा सामनाही येतो. त्या सामन्यासाठी कोणी विमानाने येत नाही. त्या रात्रीच्या खुर्च्या सीझन तिकीट काढणाऱ्या स्थानिकानेच भरावयाच्या असतात. हा स्थानिक कोण, तर बहुतेकदा हॉटेल आणि कॅसिनोत पाळीने काम करणारा नोकरदार. येथील स्वयंपाकी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया यांच्या कामगार संघटनेचीच सभासदसंख्या ६० हजारांच्या आसपास आहे. संध्याकाळी सात वाजता, जेव्हा सामना सुरू होतो, तेव्हा या शहराचा एक मोठा हिस्सा कामावर असतो. सीझन तिकिटाची किंमत त्याला परवडेल का, हा पुढचा प्रश्न.

पूर्वीचे प्रयोगही फारसे उत्साहवर्धक नव्हते. १९८३-८४ च्या हंगामात युटा जॅझने आपले ११ घरचे सामने व्हेगासमध्ये खेळून पाहिले. करीम अब्दुल-जब्बारने ५ एप्रिल १९८४ रोजी विल्ट चेंबरलेनचा सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला तो याच शहरात, परंतु जॅझचा हा संसार पुढे टिकला नाही. कॅनेडियन फुटबॉल लीगचा पॉसी हा संघ १९९४ मध्ये एका हंगामात गुंडाळला गेला. प्रेक्षक इतके आटले की त्याचा अखेरचा घरचा सामना एडमंटनला हलवावा लागला. २००१ मधील एक्सएफएलचा आउटलॉज संघही एका हंगामाचाच धनी ठरला. हे शहर क्षणभर पाहते आणि दुसऱ्या करमणुकीकडे वळते, अशी त्याची प्रतिमा या अनुभवांतून पक्की झाली होती. या प्रतिमेला अपवाद होता तो नेवाडा विद्यापीठाच्या रनिंग रेबेल्सचा. जेरी टारकॅनियन यांच्या या संघाने १९९० च्या अंतिम सामन्यात ड्यूकला १०३-७३ असे लोळवले होते. शहराला बास्केटबॉलचे वावडे होते असे म्हणता येणार नाही. आपला म्हणावा असा व्यावसायिक संघ मिळाला नव्हता एवढेच.

ही प्रतिमा गोल्डन नाइट्सने बदलली. प्रवेशशुल्कापोटी ५० कोटी डॉलर मोजून आलेल्या या संघासाठी, तो मंजूर होण्याआधीच, १० हजारांहून अधिक स्थानिकांनी सीझन तिकिटांची अनामत भरली होती. वाळवंटात बर्फावरचा खेळ म्हणून अनेकांनी त्याची थट्टा केली. १ ऑक्टोबर २०१७ रोजी स्ट्रिपवरील संगीत महोत्सवात झालेल्या गोळीबाराने सगळेच बदलले. त्या वेळी मृतांची संख्या ५८ होती. पुढे ती ६० वर गेली. नऊ दिवसांनी संघाचा पहिला घरचा सामना झाला. मैदानाभोवतीच्या फळ्यांवरून जाहिराती काढण्यात आल्या होत्या, जखमींना वाचविणाऱ्या डॉक्टर व पोलिसांना खेळाडूंसह मैदानात आणण्यात आले आणि मूळचा कॅनडाचा, परंतु व्हेगासमध्येच घर केलेला बचावपटू डेरिक एंगेलँड प्रेक्षकांशी बोलला. संघाने ५८ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्याच हंगामात तो अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२३ मध्ये स्टॅन्ले चषक जिंकला. जेथे बहुतेक जण दुसऱ्या गावाहून पोटासाठी आलेले आहेत, त्या शहराला सर्वांना मिळून ‘आमचे’ म्हणता येईल अशी ही बहुधा पहिलीच गोष्ट होती. बाहेरून हलवून आणलेल्या रेडर्सना हे साधलेले नाही.

एसेसचा अनुभवही याच बाजूला कौल देतो. २०१८ मध्ये सॅन अँटोनियोहून आलेल्या या महिला संघाने २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदे मिळवली आणि २०२४ च्या हंगामाची सर्व सीझन तिकिटे विकून टाकली. अर्थात त्यांचे अरेना १२ हजारांचे आहे, घरचे सामने निम्म्याच्या आसपास आहेत आणि जिंकणाऱ्या संघाला प्रेक्षक मिळण्यात नवल नाही. नवा एनबीए संघ पहिली काही वर्षे हरतच असतो. नव्या संघाला इतर संघांनी राखून न ठेवलेले खेळाडूच मिळतात. हॉकीत व्हेगासला नियमांची उदारता लाभली. बास्केटबॉलमध्ये पाच जणांच्या खेळात दोन उत्तम खेळाडू नसतील तर पराभव ठरलेला. हरणाऱ्या संघावर हे शहर किती काळ प्रेम करील, याची परीक्षा अद्याप झालेली नाही.

सट्टेबाजीचा आक्षेप मात्र आता कालबाह्य झाला आहे. २००७ मध्ये एनबीएचा ऑल-स्टार सामना येथे झाला तेव्हा नेवाडातील सट्टागृहांनी त्या सामन्यावर पैजा घेतल्या नव्हत्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरील केंद्रीय निर्बंध रद्द केले आणि बहुतेक राज्यांनी तो कायदेशीर केला. आता पैज प्रत्येकाच्या मोबाइलवर आहे. एप्रिल २०२४ मध्ये सट्टेबाजीवरून तहहयात बंदी आलेला जोंटे पोर्टर टोरांटोकडून खेळत होता, व्हेगासकडून नव्हे.

खरी अडचण तिकिटांपेक्षा अरेनाची आहे. २०१६ मध्ये खासगी पैशातून उभे राहिलेले टी-मोबाइल अरेना बास्केटबॉलला पुरेसे आहे. परंतु ते दुसऱ्यांच्या मालकीचे आहे. कॉर्पोरेट बॉक्स, नामकरणाचे हक्क, खाद्यपेये, वाहनतळ या उत्पन्नावर संघाचा ताळेबंद उभा राहतो आणि भाडेकरूच्या वाट्याला त्यातील थोडेच येते. २०२५-२६ पासून सुरू झालेल्या ११ वर्षांच्या प्रक्षेपण करारातून एनबीएला सुमारे ७६ अब्ज डॉलर मिळणार आहेत. ३० संघांत वाटल्यास सरासरी वर्षाला २३ कोटी डॉलर होतात. नव्या संघांचा हिस्सा जुन्या मालकांना यातूनच काढून द्यावा लागेल. म्हणूनच प्रवेशशुल्क अवाढव्य असणार. २००४ मध्ये शार्लटने ३० कोटी डॉलर दिले होते. २०२३ मध्ये फिनिक्स सन्सचे मूल्य ४ अब्ज आणि २०२५ मध्ये लेकर्सचे १० अब्ज ठरले. एवढी रक्कम आधी ओतून वर स्वतःचे अरेना बांधणारा मालक शासनाच्या दारात जाणारच नाही, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे होईल.

या बाबतीत इतर शहरांचा अनुभव बोलका आहे. सिॲटलने संघ गमावला तो प्रेक्षकांअभावी नव्हे. अरेनावर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास ते राजी झाले नाही म्हणून. सॅक्रामेंटो किंग्जना सिॲटलला नेण्याचा घाट मालकांच्या मंडळाने २०१३ मध्ये २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने तो संघ घेतला. नव्या अरेनासाठी सॅक्रामेंटोने साडेपंचवीस कोटी डॉलरचा भार उचलला. याच किंग्जनी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत दोन सराव सामने खेळले, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. ओक्लाहोमा सिटी महानगराची वस्ती जेमतेम १४ लाख. तेथील मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या अरेनासाठी एक टक्का विक्रीकर मान्य केला; संघाचा वाटा त्यात केवळ ५ कोटींचा. २०२५ चे विजेतेपद या लहान शहराने पटकावले. शहर लहान असले तरी संघ टिकतो, फक्त बिल कोणाच्या नावे फाडायचे ते ठरवावे लागते.

व्हेगासने आतापर्यंत हे बिल पाहुण्यांच्या नावे फाडले. रेडर्सच्या मैदानासाठीचे ७५ कोटी डॉलर हॉटेल खोल्यांवरील वाढीव करातून येतात. ही युक्ती चतुर खरी, पण एकाच पायावर उभी आहे. एप्रिल २०२० मध्ये हॉटेले बंद पडली, नेवाडातील बेरोजगारी ३० टक्क्यांच्या आसपास गेली आणि त्या वर्षी कर्जरोख्यांचे हप्ते भागविण्यासाठी राखीव निधीला हात घालावा लागला. पुढे कराचे उत्पन्न सावरले. परंतु २०२५ मध्ये पर्यटकांची संख्या पुन्हा घसरली. सिॲटलमध्ये विमाने बनतात, संगणकप्रणाली बनते. एक धंदा मंदावला तरी दुसरा तारतो. व्हेगासमध्ये पाहुणे कमी झाले की बाहेरचा प्रेक्षक घटतो, स्थानिकाची बक्षिसी घटते, कंपन्यांचे बॉक्स रिकामे होतात आणि करही आटतो. चारही गोष्टी एकाच वेळी.

तेव्हा निष्कर्ष असा की, साधारण बऱ्या काळात लास व्हेगास बास्केटबॉल संघ निश्चित पोसू शकेल. अरेना खासगी पैशातून झाले तर वाईट काळातही तग धरेल. सार्वजनिक पैसा गुंतला तर मात्र मंदीचा फटका संघाला बसण्याआधी शाळांना आणि रुग्णालयांना बसू शकतो. ही भीती काल्पनिक नाही. ॲथलेटिक्सच्या मैदानासाठी २०२३ मध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंतचे साहाय्य मंजूर झाले तेव्हा शिक्षकांच्या संघटनेने सार्वमताची मागणी केली होती. तिचा अर्ज नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये तांत्रिक कारणावरून बाद ठरवला. नेवाडाच्या विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी भरते. रेडर्स आणि ॲथलेटिक्स या दोघांसाठीही खास अधिवेशने बोलावण्यात आली होती. दोन्ही आठवडाभरात आटोपली.