घाटातला स्पोर्ट मोड

परवा इगतपुरीहून आसनगावला परतताना कसारा घाट उतरलो, तर खाली आल्यावर ब्रेकचा जळका वास! गाडी ऑटोमॅटिक, गिअर 'डी'वर, आणि अख्खा उतार मी ब्रेकवर पाय ठेवून. चूक माझीच.

'डी'चा सगळा हिशोब इंधन वाचवायचा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की तो वरचा गिअर टाकतो, इंजिन निवांत होतं आणि गाडीला मागे धरणारं फारसं काही उरत नाही. स्पोर्टमध्ये खालचा गिअर जास्त वेळ टिकतो. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. म्हणजे ओव्हरटेकसाठी राखलेल्या बटणाचा खरा उपयोग उतारावर.

लोकांना वाटतं त्याने ताकद वाढते. छे! पेडल तेवढंच दाबलं तरी थ्रॉटल जास्त उघडतो, इतकंच. स्टिअरिंग जड झालं म्हणून गाडी वळणावर जास्त चिकटते असंही नाही. टायर तेच, सस्पेन्शनही बहुतेक गाड्यांत तेच. उलट पावसात माळशेजच्या ओल्या वळणांवर असा उतावळा थ्रॉटल नकोच.

अर्थात प्रत्येक गाडीचा स्पोर्ट मोड उतारावर गिअर धरेलच असं नाही. मग सरळ मॅन्युअलवर टाकून दुसरा-तिसरा गिअर निवडावा. बाबा त्यांच्या जुन्या गाडीत हेच करायचे: ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. (तेव्हा मी हसायचो.)

परवा घरी येऊन वासाचं सांगितलं, तर त्यांनी पेपरमधून मान वर न काढता एवढंच विचारलं, "गिअर कितवा होता?"