सावलीतले तापमान

गेल्या वैशाखात आमच्या ओसरीच्या भिंतीवरील तापमापकाने दुपारी ४८ अंश दाखविले आणि घरात घबराट उडाली. वर्तमानपत्रात जिवाजी वेधशाळेचा आकडा मात्र बराच कमी! आम्ही यंत्राला दोष दिला. चूक आमचीच होती. ऊन काचेला तापविते, तापलेली भिंत त्यात भर घालते; पारा प्रसरण पावून नळीत चढतो. तो स्वतःचेच तापमान सांगतो, हवेचे नव्हे. म्हणून हवामानाच्या नोंदीसाठी तापमापक जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंचीवर, पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात. वारा खेळतो, ऊन शिरत नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन यांची. (कादंबरीकार रॉबर्ट लुई यांचे हे वडील!) सवाई जयसिंहांच्या ज्या वेधशाळेचा माधवराव शिंदे यांनी १९२३ साली जीर्णोद्धार केला, तेथे सूर्याच्या छायेबरोबर छायेतील हवाही मोजली जावी, हे आम्हांस मोठे साजेसे वाटते.

मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश गाठून सरासरीहून ४.५ अंशांनी चढले, की उष्णतेची लाट मानतात. मोजण्याची रीतच निराळी, तर ही तुलना कशी व्हावी?

तापमापक आता आम्ही उत्तरेकडील सावलीत हलविला आहे. आकडा उतरला, तरी आजोबांना दुपारी बाहेर पडण्याची मनाई कायम आहे.